जेवणाच्या टेबलाखालचा वॉर्ड

सिस्टर, तुमचा वॉर्ड अजून चालू आहे. हे एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले, आणि लिहून झाल्यावरही ते दिलासा म्हणून लिहिले की तक्रार म्हणून, हे मला सांगता येत नाही. इतकी वर्षे मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. प्रयोगवहीत निरीक्षण आणि निष्कर्ष हे दोन रकाने वेगळे ठेवा, असे विद्यार्थ्यांना बजावत आले. आज माझ्याकडे पहिला रकाना काठोकाठ भरलेला आहे आणि दुसरा कोरा आहे. तरीही लिहिते, कारण तुमच्याशी बोलायचे राहून गेलेले दुसऱ्या कोणाशी बोलून भागत नाही.

आपली खरी ओळख झाली तेव्हा मी गॅलरीत उभी होते आणि मागचे दार मी ओढून घेतलेले होते. आत जुई आणि मनू, दोन वर्षांच्या व्हायला आलेल्या माझ्या जुळ्या मुली, रडत होत्या. मी रडत नव्हते, असे माझे मत होते. वरच्या गॅलरीतल्या वाळत्या चादरींमधून तुमचा आवाज आला.

“मॅडम, आत दोघी रडून राहिल्या, ते ऐकू येते. ही तिसरी कोण होय?”

सरकारी रुग्णालयात उभी हयात नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या तुम्हाला रायपूरच्या शंकर नगरातल्या आपल्या इमारतीत सगळेच सिस्टर म्हणत. मी मात्र सहा वर्षांत जिन्यातल्या नमस्कारापलीकडे गेले नव्हते. तुम्ही न बोलावता खाली आलात, चपला दाराबाहेर नीट जुळवून ठेवल्या आणि सरळ फ्रिजपाशी जाऊन उभ्या राहिलात. तिथे मी वेळापत्रक चिकटवले होते. नऊ ते साडेनऊ रंगकाम, साडेनऊ ते दहा ठोकळे, दहा ते साडेदहा गोष्ट, त्यापुढे कणकेचे गोळे, पाण्याचा खेळ, असे दुपारच्या झोपेपर्यंत. चाळिशी उलटल्यावर आई झालेल्या बाईला सगळे काही पुस्तकातून शिकावे लागते, आणि मी ते मनापासून शिकले होते.

“हा काय ड्यूटी चार्ट होय?”

“हो. पण सकाळचे सगळे खेळ दहा मिनिटांतच संपतात,” मी म्हणाले. तो माझा पहिला कबुलीजबाब होता.

“मग आता काय करून राहिली तू?”

“आता सव्वानऊ वाजलेत,” मी म्हणाले.

तुम्ही मला समजावले नाही. कमरेला पदर खोचून तुम्ही जेवणाच्या टेबलाखाली शिरलात, त्या वयात आणि त्या गुडघ्यांनिशी, आणि टॉवेलांच्या घड्या मांडायला लागलात. मुली रडायच्या थांबल्या, कारण घरातले मोठे माणूस टेबलाखाली जाते हे त्यांनी पाहिलेले नव्हते. एक कान तुटलेला कापडी हत्ती बेड नंबर एकवर गेला. पोचा पडलेला तांब्या डोक्याला मार लागला म्हणून बेड नंबर दोनवर. तिसरा पेशंट तुम्ही माझ्या भाजीच्या टोपलीतून उचलला. तो दुधी होता, मानेपाशी तपकिरी ओरखडा असलेला.

“लवकीले ताप आहे,” तुम्ही कुजबुजलात. “वॉर्डात जोरानं बोलायचं नाही हो, पेशंट झोपून राहिले.”

आणि माझ्या मुली कुजबुजायला लागल्या. सिस्टर, त्या दिवशी मला कित्येक महिन्यांनी फ्रिजची घरघर ऐकू आली.

मग ते रोजचेच झाले. अकरा वाजता तुमची पाळी सुरू होई. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने ताप पाहायचा, तांब्याच्या गळ्याशी बोट धरून नाडी मोजायची, वाटीतल्या पाण्याने औषध पाजायचे. एक वाजता तुम्ही जुईला चार्ज देत असा. एका नर्सची पाळी संपली की दुसरीला प्रत्येक खाटेची खबर सांगायची, त्याशिवाय घरी जायचे नाही, हा तुमचा नियम टेबलाखालीही पाळला जाई. “बेड नंबर एक, कान नाही, बाकी बरा. बेड नंबर दोन, डोकं दुखते, बाकी बरा.” जुई मान डोलावून शेजारच्या पोरांकडून उचललेले “हव” म्हणे, म्हणजे चार्ज घेतला. मनू काहीच बोलत नसे. तिच्या न बोलण्याची मला काळजी वाटे आणि तुम्हाला वाटत नसे. “ते पाहून राहिली,” एवढेच तुम्ही म्हणत असा.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या दोन तासांत मी उत्तरपत्रिका तपासते असे सांगून आतल्या खोलीत जात असे. मी बालसंगोपन रजेवर होते. उत्तरपत्रिका कुठून येणार? मी पलंगाच्या कडेवर बसून ग्लुकोजची बिस्किटे खात असे. काही वेळा नुसतीच बसत असे. तुम्ही जाताना विचारत असा, “झाले का पेपर?” आणि मी गंभीरपणे सांगे, “थोडे राहिलेत.” तुमचे लक्ष माझ्या पदरावरच्या बिस्किटाच्या भुग्याकडे गेले नसेल, असे मानायला मला आवडते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या हातून ती चूक झाली. सकाळी नवऱ्याचा, अविनाशचा डबा करताना टोपलीत भाजी सापडेना म्हणून मी टेबलाखालचा दुधी उचलला, सोलला, चणाडाळ घालून शिजवला. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला तो केवळ दुधी दिसला. तुम्ही आलात तेव्हा जुई रिकाम्या टॉवेलापाशी बसली होती आणि विचारत होती, “तीन नंबर कहाँ है?” आम्ही दोघे तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती हिंदीत उत्तरे देते, हे तुम्हाला ठाऊक होतेच. मी ओट्याला टेकून उत्तराची जुळवाजुळव करत होते. भाजी ही खाण्यासाठी असते, आपण तिचे आभार मानावेत, वगैरे. तुम्ही कढईत डोकावलात, माझ्याकडे पाहिलेत आणि टेबलापाशी बसत म्हणालात, “त्याले सकाळीच नागपूरले रेफर केलं. इथं मशीन नाही ना तशी. पाहू आता तिथले डॉक्टर काय म्हणते.”

रायपुरातल्या आपल्या माणसांना यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. कोणाचे दुखणे वाढले की नागपूर, हे इथल्या प्रत्येक मराठी घरात ठरलेले. मुलींनाही ते पटले. दुसऱ्या दिवशी खाली भाजीचा ठेला आला तेव्हा तुम्ही एक दुधी घेतलात आणि वर येऊन जाहीर केलेत, “आला पहा नागपूरहून. झाला बरा.” जुईने टाळ्या वाजवल्या. मनू त्या दुधीकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने त्याला औषध पाजले.

त्या दुपारी स्वयंपाकघरात आपला वाद झाला. मी माणसांशी वाद घालत नाही. वाद घालण्याइतका आवाज माझ्याकडे नाही. तुमच्याशी घातला.

“सिस्टर, हे खोटे आहे.”

“मग काय सांगू? मॅडमनं फोडणी दिली म्हणून सांगू?”

“खरे तेच सांगावे. मुलांना फसवले की ती पुढे आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत.”

“काहून, त्या पोट्ट्यांनी तुले येऊन सांगितलं का?”

“असे अभ्यासाअंती लिहिलेले आहे.”

“बाप्पा,” तुम्ही म्हणालात, आणि पाण्याचा ग्लास रिकामा करून खाली ठेवलात. “जन्मभर लोकांले वॉर्डाच्या दारात उभं राहून सांगितलं मी, मॅडम. कोणाले काय सांगायचं ते चार्टात नसते लिहिलेलं.”

तो वाद संपला नाही. तो आपण कुठेही सोडून देत असू आणि पुन्हा कुठूनही उचलत असू, जिन्यात, कपडे वाळत घालताना, एकदा तेलीबांध्याच्या तलावावर मुलींना फिरवताना तर भुट्टेवाल्यासमोर. तुमच्या वाक्यांत नेमका मुद्दा काय आहे, हे मला कधीच पकडता आले नाही. तुम्ही खोट्याची बाजू घेत होता की नव्हता, हेसुद्धा आज मला खात्रीने सांगता येणार नाही.

आणि लाज वाटण्याची गोष्ट अशी की नागपूरचा फायदा मीच घेऊ लागले. वांगी गेली, कोहळे गेले, फुटलेला फुगा गेला, अविनाशचा मोबाइल दुपारभर नागपूरला राहू लागला. मुली त्याबद्दल रडत नसत. मला स्वयंपाक करता येई, अंघोळ करता येई, एखादे पान वाचता येई. तुम्ही एकदा हसून म्हणालातही, “आता तूच पाठवून राहिली सगळ्यांले. माह्यापेक्षा जास्त रेफर करते तू.”

आणखी एक गोष्ट इथेच लिहून टाकते, नाहीतर धीर होणार नाही. तुम्ही मला वर चहाला कितीदा बोलावलेत. मी दर वेळी म्हटले, मुली झोपल्या आहेत, मुली उठतील, पुढच्या आठवड्यात नक्की. मी तुमच्या घरी एकदाही आले नाही. मला कोणाच्याही घरी जायचे म्हटले की बसायचे कुठे आणि उठायचे कधी हे कळत नाही. अविनाशच्या काकूंकडेही मी असेच टाळते. पण आपल्या समाजात, माझ्या आडनावाच्या बाईने तुमच्या आडनावाच्या बाईच्या घरी चहाला न येण्याचा एक जुना अर्थ आहे, आणि तो माझ्या डोक्यात आला तो तुम्ही गेल्यावर, तुमच्या दाराला कुलूप पाहिल्यावर. तुम्ही तो अर्थ लावला होता का, सिस्टर? लावला असूनही रोज अकरा वाजता खाली येत होता का? मी हे विचारायला हवे होते, आणि विचारले असते तर तुम्ही हसला असता की गप्प झाला असता, याचा मला अंदाज नाही.

मग तुमचे पोट दुखायला लागले. इथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जे सगळ्यांना सांगतात तेच तुम्हालाही सांगितले. तुमचा पुतण्या गाडी घेऊन आला. तुम्ही निघायच्या आधी खाली आलात, बरोबर अकरा वाजता, हातात पर्स. त्या दिवशी बेड नंबर तीन रिकामाच होता. मी दोन दिवसांपूर्वी दुधी केला होता. तुम्ही टेबलाखाली शिरू शकला नाहीत. खुर्चीवर बसूनच जुईला चार्ज दिलात. कान नाही, बाकी बरा. डोकं दुखते, बाकी बरा. मग जुईने पर्सकडे बोट दाखवून विचारले, “आप कहाँ जा रही हो?”

तुम्ही तोंड उघडले. मी तुमच्याआधी बोलले. आयुष्यात फार थोड्या वेळा मी कोणाच्या आधी बोलले आहे. “सिस्टर नागपूरला चालल्यात. बऱ्या होऊन येतील.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. दारात चपला घालताना, मुलींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, वॉर्डातल्या आवाजात, म्हणालात, “मी नसतं असं सांगितलं, मॅडम.” आणि माझ्या दंडावर हात ठेवून जिना उतरलात.

सिस्टर, हे वाक्य घेऊन मी तीन आठवडे घरात फिरले. नागपूर तर तुमचेच होते. तुम्हीच ते शोधून काढले, तुम्हीच माझ्याशी त्याबद्दल भांडलात. मग तुम्ही काय सांगितले असते? एके दिवशी भांडी घासताना मला आठवले, की दुधी गेला तेव्हा तुम्ही ‘बरा होऊन येईल’ असे म्हणालाच नव्हता. ‘पाहू, डॉक्टर काय म्हणते,’ म्हणाला होता. वचन मी दिले, खऱ्याची बाजू घेणारीने. पण मग वाटते, हा अर्थ मी ओढूनताणून काढते आहे. कदाचित तुम्हाला फक्त एवढेच म्हणायचे असेल, की सांगणे तुमचे काम होते आणि मी ते हिसकावून घेतले.

फोनवर तुम्ही मुलींचेच विचारत राहिलात. शेवटच्या फोनला तुमचा आवाज फार बारीक झाला होता, आणि मी विचारायचे ते न विचारता जेवलात का, हे विचारले.

त्यानंतर तुमच्या पुतण्याचा फोन आला. मी नागपूरला येऊ शकले नाही. मुलींना कोणावर सोडायचे, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा कळले, की त्या प्रश्नाचे माझ्याकडे एकच उत्तर होते आणि ते आता नव्हते.

मुलींना मी सांगितले नाही. तुम्ही नागपूरला गेलात त्याच आठवड्यात जुईने टेबलाखाली चौथा टॉवेल घातला होता. बेड नंबर चार, सिस्टर का. तुम्ही नागपूरहून आल्यावर झोपायला. आणि रोज सकाळी भाजीच्या ठेल्याची हाक आली, की दोघी गॅलरीत धावू लागल्या. नागपूरहून परतणारे सगळे आजवर त्याच ठेल्यावरून आले होते. मी त्यांच्यामागे उभी राहून तो ठेला जवळ येताना पाहत असे, आणि भाजीवाल्या भैयाला वाटे, ही बाई रोज हाक न मारता नुसती बघते. मी त्याच्याकडून सगळे घेतले, दुधी तेवढा घेतला नाही.

खरे सांगावे तर मी महिनाभर खोटे बोलले हे कळणार. न सांगावे तर त्या रोज गॅलरीत धावणार. दोन्हींत त्या मला कशा बघतील, याची मला भीती वाटत होती. तुम्हाला माहीत नसेल, मला माझ्या मुलींची सुरुवातीपासूनच थोडी भीती वाटते.

चार दिवसांपूर्वी मी दुधी घेतला. का घेतला, ते सांगता येत नाही. बहुधा मला एक दिवस हवा होता, निदान तिसरी खाट भरलेली. मी तो टॉवेलावर ठेवला आणि म्हणाले, “आला बघा नागपूरहून.”

जुई टाळ्या वाजवायला गेली आणि थांबली. मनूने दुधीच्या मानेवरून बोट फिरवले, जिथे पहिल्याला ओरखडा होता तिथे.

“ये वो नहीं है,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“वो तो कट गया था. मम्मी ने काटा. सब्जी में.” तिने हे अगदी सहज सांगितले, बेड नंबर एकला कान नाही, तसे.

मी टेबलाखाली शिरले. “मग सिस्टरनी आणला तेव्हा तू का नाही सांगितलेस?”

मनूने माझ्याकडे पाहिले, मला काहीच कसे कळत नाही अशा नजरेने. “सिस्टर खेल रही थी ना.”

सिस्टर, नमुना ओळखणे हे माझे काम होते. ते माझ्या दोन वर्षांच्या मुलीने पहिल्या दिवशीच केले होते, आणि गप्प राहून तुमचा खेळ चालू ठेवला होता. आपण इतका वाद घातला तो त्यांना काय सांगावे यावर. कोण कोणाला रमवत होते, हे त्या वादात एकदाही आले नाही.

मग मी सांगितले. साधे सांगितले, कारण जुळवाजुळव केलेले सगळे विसरले होते. सिस्टर आता येणार नाहीत. फार आजारी होत्या. डॉक्टरांनी पाहिले. त्या वारल्या.

“कट गई?” मनूने विचारले.

“नाही ग. आजारी होत्या. मेल्या.”

जुई रडली नाही. तिने चौथ्या खाटेकडे पाहिले आणि विचारले, “ये बेड खाली हो गया?” मी हो म्हणाले. तेव्हा ती उठली, टॉवेल ओढून घेतला आणि फरफटत नेऊन वॉशिंग मशीनमध्ये कोंबला. खाट रिकामी झाली, की आधी चादर धुवायला टाकायची आणि दुसरी घालायची, हे तुम्ही शिकवलेलेच. तिने माझ्या कपाटातून दुसरा टॉवेल आणला, अंथरला, चारी कोपरे हाताने साफ केले, आणि मला म्हणाली, “मम्मी, लेटो.”

मी लेटले. पाय टेबलाबाहेर राहिले. मनूने कपाळावर लाकडी चमचा ठेवला, मग माझ्या अंगठ्याशी बोट धरून बसली. नाडी तिथे नसते, हे मी तिला सांगितले नाही. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होते, फ्रिज घरघरत होता, आणि घड्याळात एक वाजत आला होता. जुईने मनूला जवळ बसवून घेतले आणि वॉर्डातल्या आवाजात चार्ज दिला. तुमच्यानंतर पहिल्यांदाच तो वॉर्डात कोणीतरी दिला, म्हणून जसाच्या तसा कळवते.

“बेड नंबर एक, कान नहीं, बाकी ठीक. बेड नंबर दो, सिर में दर्द, बाकी ठीक. बेड नंबर तीन, नया है. बेड नंबर चार, मम्मी. रो रही है, बाकी ठीक.”

“हव,” मनू म्हणाली.